जुन्या सायकलचं वाकलेलं चाक: काय वाचवायचं, काय बदलायचं

नागपुरात जुन्या काळ्या सायकलचं वाकलेलं चाक घेऊन दुकानात गेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "भाऊ, काहून खर्च करून राहिले याच्यावर? नवं चाक टाकून घ्या." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तयार चाक बसवणं थोडक्या वेळाचं काम, आणि जुनं उघडलं की निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) जाम निघतात, स्पोक तुटतात, अर्धा दिवस त्यातच जातो. पण रॅले, हर्क्युलस, बीएसए, हंबर किंवा सेन-रॅलेचं मूळ चाक असं एका वाक्यात भंगारात गेलं, तर त्याच्यासोबत हबही, म्हणजे चाकाच्या मधला स्पोक धरणारा भागही, जातो. रिम आणि स्पोक बाजारात आहेत. त्या काळचा, नाव कोरलेला हब मात्र सहजी परत मिळत नाही.

म्हणून चाक ही एक वस्तू समजून निर्णय घेऊ नका. हब, रिम आणि स्पोक या तिघांचा निकाल वेगवेगळा लावा. हब शेवटपर्यंत वाचवायचा. स्पोक झिजतात, तुटतात, ते बदलायचेच असतात. खरा विचार करायचा तो रिमचा, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी चाक कोणतं आहे ते बघा

हातात पाना घेण्याआधी चाकाचे चारही बाजूंनी फोटो काढा. मग टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. रॉड ब्रेकच्या, म्हणजे तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ब्रेक लागणाऱ्या, उंच काळ्या सायकलला सहसा २८ बाय १ १/२ टायर असतो. त्याची रिम, टायरची तार जिथे बसते तिथे, ६३५ मिलिमीटर व्यासाची असते. हलक्या, बाजूने दाबणाऱ्या ब्रेकच्या जुन्या इंग्लिश सायकलींना बहुधा २६ बाय १ ३/८, म्हणजे ५९० मिलिमीटर. हे मिलिमीटरचे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण इंचांचे आकडे फसवतात. आजच्या गिअरच्या अनेक सायकलींच्या चाकालाही दुकानात २८ इंचीच म्हणतात, पण ती रिम ६२२ मिलिमीटरची असते. तिच्यावर तुमचा जुना टायर सैल पडेल, आणि तिचा टायर तुमच्या रिमवर चढणारच नाही.

आता स्पोक मोजा. इंग्लिश पद्धतीच्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. मागच्या चाकावर माणसाचं आणि कॅरिअरवरच्या पोत्याचं वजन येतं म्हणून तिथे आठ जास्त. बऱ्याच नव्या चाकांना दोन्हीकडे ३६ असतात. हबची भोकं आणि रिमची भोकं सारखीच हवीत. ३६ भोकांची रिम ४० भोकांच्या हबला "बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर चाक उचला आणि घरी या.

हबवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि कोरलेली अक्षरं वाचा. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरचा हब निघाला तर कवचावर बहुतेक वेळा वर्षाचे आकडेही ठोकलेले दिसतील. या कंपनीचा एडब्ल्यू नावाचा हब १९३६ पासूनचा आहे. असा हब असलेलं चाक कुणाकडेही सोडून येऊ नका. समोर बसून काम करून घ्या.

आपल्याकडची एक जमेची बाजू इथेच सांगतो. २८ बाय १ १/२ ची रिम आणि टायर युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांना शोधत फिरावं लागतं. आपल्याकडे काळी सायकल अजून बनते, दूधवाले आणि खेड्यापाड्यातले लोक अजून वापरतात, त्यामुळे लुधियानाचा माल नागपुरात मिळतो. रिम मिळणारच नाही या भीतीने धोक्याची रिम चालवत राहायचं काही कारण नाही.

दोष चाकाचाच आहे का?

चाक डुगडुगतं म्हणजे रिम वाकली असं लगेच धरू नका. सायकल दोरीने टांगा किंवा मागच्या चाकासाठी स्टँडवर लावा. रिम दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. हबमध्ये खडखड जाणवली तर कोन, म्हणजे हबमधले छर्रे (बेअरिंग) दाबून धरणारे नट, सैल आहेत. ते आवळल्याशिवाय पुढचं कोणतंही माप खरं येणार नाही. एक्सलचे (हबमधून जाणाऱ्या दांड्याचे) नट सैल करून चाक चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, सरळ बसलं आहे का तेही पाहा. मग टायर-ट्यूब उतरवा. पुष्कळदा टायरचा फुगवटा किंवा नीट न बसलेली तारच चाक वाकडं असल्यासारखी दिसते, आणि टायर काढल्यावर रिम अगदी सरळ फिरते.

स्पोकच रिमची अवस्था सांगतात

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. चिमट्याला एक पेन्सिल अशी बांधा की टोक रिमच्या कडेच्या अगदी जवळ येईल. चाक हळू फिरवा. जिथे रिम पेन्सिलीला घासते तिथे खडूने खूण करा. ही झाली बाजूची चूक, जिला आपल्याकडे चाकाचा आऊट म्हणतात. मग पेन्सिल रिमच्या वर आणून चाक कुठे वर उचलतं आणि कुठे खाली बसतं ते पाहा.

खुणेच्या जागचे स्पोक बोटाने छेडा. समजा रिम डावीकडे गेली आहे. तिथले डावीकडचे स्पोक ताठ आणि उजवीकडचे सैल असतील, तर रिम चांगली आहे, फक्त ताण बिघडला आहे. निपल फिरवून चाक सरळ होईल. पण रिम डावीकडे गेलेली असूनही उजवीकडचेच स्पोक ताठ वाजत असतील, तर ते तिला आधीच जोर लावून ओढत आहेत आणि ती येत नाही. म्हणजे लोखंड वाकलेलं आहे. तिथे निपल आणखी आवळत बसलात तर चाक दिसायला सरळ होईल, पण त्या जागेवरच्या दोन-तीन स्पोकांवर सगळा भार पडेल, आणि तेच आधी तुटतील.

तिसरा प्रकार म्हणजे एका जागी दोन्ही बाजूंचे स्पोक सैल आणि रिम तिथे खाली बसलेली. हा सरळ खड्ड्यात आदळल्याचा मार. स्पोक फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, त्यामुळे असा सपाट झालेला भाग निपलने कधीच बाहेर येत नाही.

आपल्या शहरात दोन्ही प्रकार भरपूर दिसतात. सिमेंटच्या रस्त्याची कड आणि खालची बाजूपट्टी यांत उंचीचा फरक असतो. तिरकं चढताना रिम बाजूने वाकते, सरळ आदळलं तर सपाट होते. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की जुन्या वॉलची (हवा भरायच्या तोंडाची) रबरी नळी चिरते, हवा हळूहळू उतरते, आणि कमी हवेच्या टायरमधून दगडाचा मार थेट रिमला बसतो. रिम बदलून वॉलची नळी तीच ठेवली तर नवी रिमही त्याच वाटेने जाईल.

रिम मोकळी करून बघा

स्पोकांनी लोखंड वाकल्याचं सांगितलं असेल तर ताण काढा. वॉलच्या भोकापासून सुरुवात करून प्रत्येक निपल अर्धा फेरा सैल करत पूर्ण चाकाला फेरी मारा, मग दुसरी, तिसरी. एकाच ठिकाणचे स्पोक एकदम सोडू नका. सगळे ढिले झाल्यावर रिम तिच्या खऱ्या आकारात येते. स्पोक काढले असतील तर ती ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर आडवी ठेवा आणि कड कुठे किती उचलली आहे ते मोजा.

मी पाळतो ती मर्यादा अशी. पोलादी रिम तीनेक मिलिमीटरपर्यंत उचललेली असेल तर तशीच बांधावी, तेवढं स्पोक सांभाळून घेतात. त्याहून जास्त, पण सात-आठ मिलिमीटरच्या आत, आणि वाक लांबवर पसरलेला असेल तर हाताने सरळ करता येते. याच्या पुढे, किंवा वाक एकाच जागी कागदाच्या घडीसारखा तीक्ष्ण असेल, तर रिम बदलावी. घडी पडलेलं पोलाद उलट वाकवलं की तिथेच कडक आणि ठिसूळ होतं, आणि पुढच्या धक्क्याला तिथूनच चीर जाते. ॲल्युमिनियमच्या रिमला तर ही मधली सवलतही नाही. ती वाकवून सरळ करण्याच्या फंदात पडू नका.

गंजाची परीक्षा आतून करा

बाहेरून चमकणारी रिम आतून खाल्लेली असू शकते. टायरखालची पट्टी काढा. पावसाचं पाणी वॉलच्या आणि स्पोकच्या भोकांतून आत जातं, कापडी किंवा रबरी पट्टी ते धरून ठेवते, आणि मृगापासून पोळ्यापर्यंत रिम ओलीच राहते. तारेच्या ब्रशने गंज झाडा आणि टोच्याने प्रत्येक भोकाजवळ दाबून पाहा. लाल भुकटी निघून खाली घट्ट काळपट धातू लागला तर काळजी नाही. पापुद्रे निघाले, टोच्या रुतला, किंवा निपलच्या भोकातून बारीक चिरा निघालेल्या दिसल्या, तर रिम गेली.

आणखी तीन जागा बघा. रिमचा जोड उघडला आहे का? टायरची तार ज्या वळलेल्या कडेखाली बसते ती कड गंजून ब्लेडसारखी धारदार झाली आहे का? तशी कड टायर कापते. आणि ब्रेक जिथे घासतो ती पट्टी. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने, हबकडच्या तोंडावर दाबतात. त्यामुळे या सायकलला थोडा आऊट चालतो, पण वर-खाली उचलणारी रिम मुळीच चालत नाही. ब्रेक दाबला की प्रत्येक फेऱ्याला गचका बसतो आणि पाय टेकायची वेळ येते. बाजूने दाबणाऱ्या ब्रेकचं उलट: तिथे आऊट एक मिलिमीटरच्या आत आणावा लागतो. नव्या सायकलींवर काम केलेला मुलगा हा फरक ओळखत नाही. तो आऊट काढून चाक परत देतो आणि गचका तसाच राहतो. त्याला आधीच सांगा.

वरवरचा गंज काढायला घरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवून घासली तरी क्रोम बरंच उजळतं. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते गंजासोबत क्रोम आणि खालचं लोखंडही खातं. पुन्हा क्रोम करून घ्यायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा की आधी घासून खड्डे काढावे लागतात आणि तेवढी रिम पातळ होते. खोल खड्डे असलेल्या रिमवर हा खर्च वाया जातो. रॉड ब्रेकच्या रिमला रंग देणं हा त्याहून चांगला उपाय आहे, कारण ब्रेक मधल्या भागाला लागतच नाही. जुन्या कितीतरी रिमा मध्ये काळ्या रंगाच्याच असत. स्पोकवर मात्र नव्याने मुलामा चढवू नका. त्या प्रक्रियेत ताणाखाली राहणारी तार ठिसूळ होऊ शकते.

हब

हब टाकून द्यायची कारणं फार थोडी आहेत. हबच्या दोन्ही टोकांच्या चकत्यांवर स्पोकची भोकं असतात. चकतीला चीर असेल, किंवा दोन भोकांमधला धातू तुटला असेल, तर तो हब रस्त्यावर नको. भोकं नुसती लांबट झाली असतील तर थोड्या जाड स्पोकने काम भागतं.

बाकी सगळं दुरुस्त होतं. एक्सल काचेवर घरंगळवा, वाकलेला लगेच कळतो. कोनवर छर्ऱ्यांच्या वाटेत खड्डे पडले असतील तर कोन बदला. छर्रे तर प्रत्येक वेळी नवेच घाला, ते स्वस्त असतात. पुढे सहसा ३/१६ इंचाचे आणि मागे १/४ इंचाचे लागतात, पण जुने नमुने खिशात ठेवून दुकानात जा. इंग्लिश एक्सलचे आटे आजच्या देशी कोनला जुळतीलच असं नाही. कोन हाताने सहज फिरत गेला पाहिजे. पान्याचा जोर लावून चढवला तर दोन्हीचे आटे जातील. हबच्या आतल्या वाट्या हा अवघड भाग आहे. त्यांत बारीक खड्डे असले तरी नवे छर्रे आणि भरपूर ग्रीस घालून रविवारच्या फुटाळा-अंबाझरीच्या फेरीसाठी हब कितीतरी वर्षं चालतो.

स्पोक बदलायचे तर सगळे

एखादा स्पोक काठीने किंवा चेन पडून तुटला असेल तर तेवढाच बदला. पण गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या जागचे स्पोक हबजवळच्या वाकावर एकामागून एक तुटत असतील, तर सगळेच थकले आहेत. मग एक-एक बदलत बसण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

इथे एक हिशोब करा. चाक उघडून पुन्हा बांधायची मजुरी जुन्या रिमला आणि नव्या रिमला सारखीच लागते. म्हणून स्पोक बदलायचे ठरलं की रिमचा निकाल त्याच दिवशी लावा. काठावर पास होणारी रिम नव्या स्पोकांत बांधून घेतली आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेली, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. रोज ऑफिसला न्यायची सायकल असेल, तर काठावरची रिम मी ठेवत नाही. पुढच्या चाकाची तर नाहीच, कारण मागचं चाक बसलं तर सायकल थांबते, पुढचं बसलं तर माणूस तोंडावर पडतो. सायकल फक्त दिवाणखान्यात किंवा जुन्या सायकलींच्या मेळाव्यात ठेवायची असेल तर मूळ रिम खुशाल राहू द्या, पण तिच्यावर कुणी बसणार नाही याची व्यवस्था करा.

निपल जाम असतील तर रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून दोन्ही टोकांना थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. फिरवताना स्पोकच पिळला जातोय का ते कळायला स्पोकवर कागदी टेपची छोटी झेंडी लावा. काहीच हललं नाही तर स्पोक कापावे लागतील. पण त्याआधी मागच्या चाकाचं फ्री व्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, काढा. ते काढायला पूर्ण चाकाचाच आधार लागतो. स्पोक कापल्यावर नुसता हब हातात राहिला की फ्री व्हील काढणं जवळपास अशक्य होतं, आणि शिकंज्यात धरून ओढताना हब फुटतो. वाचवायची वस्तू याच एका घाईने हातची जाते. कापताना जमेल तेवढा ताण आधी काढा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

उघडण्यापूर्वी एक स्पोक निवडून तो हबपासून रिमपर्यंत किती स्पोकांना ओलांडतो ते मोजा, आणि शेवटच्याच्या वरून जातो की खालून ते टिपून ठेवा. नवे स्पोक घ्यायला एक जुना अखंड स्पोक सोबत न्या. लांबी वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या टोकापर्यंत मोजतात. पुढच्या आणि मागच्या चाकाची लांबी वेगळी असते. जाडी गेजमध्ये सांगतात: १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर, १३ गेज त्याहून जाड. निपलही नवेच घ्या.

सरळ करण्याचं काम

रिम राखायची ठरली तर वाक काढायचा तो स्पोक ढिले असताना. जमिनीवर दोन लाकडी ठोकळे ठेवा, उचललेला भाग वर येईल अशी रिम त्यांवर ठेवा आणि दोन्ही तळहातांनी दाबा. थोडं दाबा, ओट्यावर मोजा, पुन्हा दाबा. एकदम जोर लावला तर वाक उलट्या बाजूला जातो. सपाट झालेला भाग बाहेर काढायला रिम उभी धरून आतून लाकडी ठोकळा लावा आणि त्यावर हातोडी मारा, लोखंडावर थेट कधीच नाही. कडेला दाबलेला पोचा चामड्याचा तुकडा लावलेल्या पकडीने हळूहळू उघडतो.

बांधल्यावर सगळे निपल सारख्या आट्यांवर आणा आणि मग ताण द्या. टायरच्या बाजूने पाहिलं तर निपल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर स्पोक ताणला जातो. आधी वर-खालीची चूक काढा, मग आऊट. एका वेळी पाव फेरा पुरे: रिम डावीकडे असेल तर तिथले उजवे दोन पाव फेरा आवळा आणि डावे दोन तेवढेच सोडा. मधूनमधून समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या जोड्या मुठीत घट्ट दाबा. कटकट आवाज येईल, स्पोक आपल्या जागी बसतील आणि चाक थोडं बिघडेल. पुन्हा सरळ करा. दाबल्यावर बिघडायचं थांबलं की चाक तयार. एका बाजूचे सगळे स्पोक छेडल्यावर साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत.

हे स्वतः करायचं नसेल तर इतवारी, महालसारख्या जुन्या वस्त्यांत वयस्क मिस्त्री शोधा आणि "काका, तुम्ही स्पोक भरून चाक बांधता का?" एवढंच विचारा. जो आधी चाक फिरवून स्पोक छेडून बघेल त्याच्याकडे काम द्या. नवी रिम बसवून घेत असाल तर हब आणि जुनी रिम दोन्ही परत घ्यायचं आधीच बोलून ठेवा. जुन्या रिमवर कंपनीचा शिक्का असेल तर तेल पुसून, सायकलचं नाव लिहून माळ्यावर ठेवा. पुढेमागे कुणी ती सायकल पूर्ण मूळ रूपात उभी करायला घेईल तेव्हा तिची गरज पडेल.

नवं बांधलेलं चाक पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये थोडं सैल पडतंच. तेवढं चालवून एकदा परत आऊट काढून घ्या आणि कोनही तपासा. मग रिमच्या आत गंजरोधक रंगाचा हात द्या, नवी पट्टी लावा, आणि दर वर्षी पोळा झाला की टायर उतरवून ती पट्टी उन्हात वाळवा.